घराचे कॉलम: साईज, स्टील आणि खर्चाचा हिशोब कसा धरायचा?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात वडिलोपार्जित जागेवर घर बांधायला काढलंय. खाली हजार आणि वर हजार, असं दोन हजार स्क्वेअर फूट. जुनं घर दगडमातीचं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेच्या भूकंपात, त्याची माजघराची भिंत बसली, आजोबांनी ती नंतर पुन्हा रचून घेतली. आजी शेवटपर्यंत सांगायची की त्या रात्री सगळ्यांनी खळ्यात चूल मांडली होती. त्यामुळे नवीन घर आरसीसीत आणि व्यवस्थित डिझाईन करून घ्यायचं, हे आधीच ठरलं होतं.

अडचण आता आली आहे. इंजिनिअरने १४ कॉलम दाखवलेत, सगळे ३०० बाय ३०० मिमी, प्रत्येकात १२ मिमीचे ८ गज. रिंग ८ मिमीची, आत आणखी एक तिरकी रिंग. कंत्राटदार म्हणतो, "एवढं कशाला? दुमजली घराला नऊ बाय नऊ इंचाचा कॉलम, चार सूतचे (म्हणजे १२ मिमीचेच) चार गज आणि सहा इंचावर रिंग, एवढं खूप झालं. तालुक्यातली निम्मी घरं तशीच उभी आहेत." ड्रॉइंगप्रमाणेच हवं असेल तर फुटामागे ६० रुपये जास्त, म्हणजे वरचे एक लाख वीस हजार. काम विथ मटेरियल, २००० रुपये फुटाने ठरलंय.

मी शिक्षक आहे, यातलं काही कळत नाही. हे पैसे खरंच लागतात का, आणि लागत असतील तर एवढेच का, हे मला समजून घ्यायचंय. घरातले सगळे म्हणतात, माणूस चांगला आहे, त्याच्याशी वाद घालू नकोस.

---

ओळंबा

कोयनाकाठ, मी पुण्यात स्ट्रक्चरल डिझाईन करतो. साईट न बघता तुमच्या इंजिनिअरच्या वर जाऊन काही सांगणार नाही, पण त्याने जे काढलंय ते का काढलंय तेवढं सांगू शकतो.

२०१६ च्या भूकंप-नकाशात कोयना परिसर झोन चारमध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या भागात आहे. तिथे नुसतं आयएस ४५६ (काँक्रीटचा नेहमीचा कोड) बघून चालत नाही, आयएस १३९२० (भूकंपासाठीचा कोड) लागतो. २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू ३०० मिमीपेक्षा कमी चालत नाही, म्हणजे नऊ इंची कॉलम तिथेच बाद होतो. आता रिंगा. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला निदान ४५० मिमीच्या पट्ट्यात रिंगा जवळजवळ घ्याव्या लागतात. तिथलं अंतर तीन हिशोबांनी निघतं: कॉलमच्या लहान बाजूचा चौथा भाग, सर्वात बारीक उभ्या गजाच्या सहापट, किंवा १०० मिमी. यातलं सर्वात कमी ते धरायचं. तुमच्याकडे १२ मिमीच्या सहापट म्हणजे ७२. ड्रॉइंगवर ७० लिहिलंय का बघा.

भूकंपात इमारत आडवी हलते आणि कॉलमला सर्वात जास्त मार बसतो तो टोकांना, बीमच्या लगत. रिंगा लांब असतील तर तिथलं काँक्रीट फुटून बाहेर पडतं आणि उभे गज धनुष्यासारखे वाकतात. रिंग गजांना नुसती जागेवर धरत नाही, ती आतला गाभा आवळून ठेवते. कंत्राटदाराला रिंग म्हणजे गज बांधायची सोय वाटते, सगळा घोळ तिथून सुरू होतो.

"निम्मी घरं तशीच उभी आहेत" हे खरं असेलही. त्या घरांची परीक्षा अजून झालेली नाही.

एक विचारतो. १४ कॉलम का? वरच्या मजल्याच्या भिंती खालच्या भिंतींवर येतात का? प्लॅनमध्ये कॉलम सरळ ओळीत आहेत का?

---

कोयनाकाठ

हो, ७० च लिहिलंय! मला वाटलं चुकून ७ च्या पुढे शून्य पडलंय.

ओळीत नाहीत. वरची बाथरूम आम्ही नंतर सरकवली, तिच्यासाठी एक कॉलम जास्त आलाय. आणि जिन्याजवळ एक आहे, तो का आहे ते मलाही माहीत नाही.

---

ओळंबा

मग उद्याच इंजिनिअरकडे जाऊन बसा. तुमचे पैसे वाचायची खरी जागा ती आहे. रिंगा कमी करून काही वाचत नाही, कॉलम ओळीत आणून वाचतं. एक कॉलम गेला की त्याच्याबरोबर त्याचा खड्डा, पीसीसी (तळाचं बिनगजांचं काँक्रीट), फुटिंगची म्हणजे पायाची गजांची जाळी आणि बीमचे तुकडेही जातात. कॉलम सरळ ओळीत असले की सेंट्रिंगवाल्यालाही सोपं पडतं, बीमच्या प्लेटा (ओतकामाचे साचे) सगळीकडे सारख्या बसतात. हे सगळं कागदावर पेन्सिलने होतं, फुकट. खोदाई झाल्यावर तेच करायला गेलात तर रडकुंडीला याल.

फक्त कॉलम कमी करायचे म्हणून गाळे, म्हणजे दोन कॉलममधली अंतरं, फार लांब करू नका. बीम जाड होतात आणि वाचलेलं तिकडे जातं. राहत्या घराला दहा ते चौदा फुटांचे गाळे बरे पडतात. आणि काहीही झालं तरी खाली कॉलम नाही आणि वर बीमवरून कॉलम उभा केलाय, असं करू देऊ नका. गाडी लावायला खालचा मजला मोकळा सोडणार असाल तर तेही इंजिनिअरला आत्ताच सांगा. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादला ज्या इमारती बसल्या त्यातल्या बऱ्याच खाली पार्किंगसाठी मोकळ्या होत्या.

---

औसा_रोड

मी लातूर जिल्ह्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सातवीत होतो. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. किल्लारीकडच्या घरांच्या दोन-दोन फूट जाड दगडी भिंती, मातीत रचलेल्या आणि वर मातीचं धाबं. माणसं त्या ओझ्याखाली गेली. तेव्हा आमचा भाग नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, नंतर तो झोन तीनमध्ये घेतला.

तेव्हापासून गावात आरसीसीवर लोकांचा फार विश्वास बसलाय. पण कॉलम असला म्हणजे झालं, आत काय आहे हे कुणी बघत नाही. दादा, फुटामागे ६० रुपये घासाघीस करा, पण ड्रॉइंग बदलू नका.

---

साईटवरचा

मी बारा वर्षं सुपरवायझर आहे. ओळंबा साहेबांचं बरोबरच आहे, मी साईटवर काय होतं ते सांगतो.

रिंगेचा हूक. आयएसप्रमाणे टोक १३५ अंशात वळवून आत गाभ्यात गेलं पाहिजे, सरळ भाग निदान ६५ मिमी. फिटर लोक ९० अंशात वाकवून सोडतात, कारण हाताने पटापट होतं. नव्वदचा हूक कव्हर (गजांवरचा काँक्रीटचा थर) निघालं की उघडतो, म्हणजे ती रिंग असून नसल्यासारखी. हल्ली तयार रिंगा मिळतात, मशीनवर कापून वाकवलेल्या. त्या घ्या, पण ऑर्डर देतानाच १३५ सांगा, आणि गाडीतून उतरताना दहा-वीस हातात घेऊन बघा. कॉलमला बांधताना हूक एकाच कोपऱ्यावर आणू नका, प्रत्येक रिंगेला कोपरा बदलायचा.

दुसरं, स्टार्टर. फुटिंगवर किंवा स्लॅबवर तीन-चार इंचांचा चौकोन आधी ओततात, त्यावर कॉलमच्या प्लेटा बसतात. तो अर्धा इंच जरी सरकला तरी कॉलम वाकडा, मग गज ठोकून वाकवून आत घेतात. स्टार्टर मारायच्या दिवशी तुम्ही स्वतः दोरी धरायला उभे राहा. शाळेतून एक दिवस रजा काढावी लागली तरी काढा.

तिसरं, लॅप, म्हणजे खालच्या आणि वरच्या गजाचा एकमेकांशेजारी घेतलेला जोड. सगळे लोक स्लॅबच्या वर लगेच लॅप घेतात, कारण उभं राहून बांधायला सोपं. भूकंपाच्या भागात लॅप कॉलमच्या मधल्या अर्ध्या उंचीत घ्यायचा आणि एकाच ठिकाणी निम्म्याहून जास्त गज जोडायचे नाहीत. म्हणजे गज लांब-आखूड कापावे लागतात. कटिंग करायच्या आधीच फिटरला सांगा, नाहीतर तो सगळे सारखे कापून मोकळा होतो.

---

काळीमाती

मी वर्ध्याची. आमच्याकडे काळ्या मातीमुळे खोली फार जाते. कंत्राटदाराने अंदाज पाच फुटांचा दिला होता, कडक मुरूम नऊ फुटांवर लागला. चार फूट जास्तीचे कॉलम, तेवढी खोदाई, तेवढा भराव, सगळं "एक्स्ट्रा". कागदावर खोलीचा दरच लिहिलेला नव्हता, म्हणून तो सांगेल ते द्यावं लागलं. कोयनाकाठ दादा, प्लॅन पक्का करायच्या आधी जागेवर दोन खड्डे घेऊन बघा. जेसीबीचा तासाभराचा खर्च आहे.

आणि एक माझ्या घरचं सांगते, कारण आजही मनातून जात नाही. खालच्या मजल्याचे कॉलम ओतले तेव्हा मी माहेरी होते. दुसऱ्या दिवशी प्लेटा काढल्या, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला कॉलम बुडाशी वीतभर पोकळ. खडी दिसत होती, मधे गज उघडा. मी पोचेपर्यंत कंत्राटदाराच्या माणसाने सिमेंटचा हात मारून तो गुळगुळीत केला होता. ओला होता म्हणून कळलं, बोटाने दाबला तर आत गेला. इंजिनिअरला बोलावलं, त्यांनी तो भाग फोडायला लावला. आत लाकडाचा भुसा, बायंडिंग वायरचे तुकडे आणि गुटख्याची पुडी निघाली. प्लेटा लावायच्या आधी कॉलमचा तळ कुणी झाडलाच नव्हता. शेवटी तो पूर्ण कॉलम तोडून पुन्हा ओतला. भांडण खूप झालं, पण करून घेतलं.

---

साईटवरचा

ताई, तुम्ही करून घेतलंत हे फार चांगलं केलं.

असं होण्याचं मूळ कारण म्हणजे कॉलमचा माल थोडा असतो. स्लॅबला मिक्सर येतो, लिफ्ट येते, वीस माणसं येतात, नारळ फुटतो. कॉलमच्या दिवशी चार माणसं, पत्र्यावर हाताने कालवलेला माल आणि पाण्याला मापच नाही. दहा फुटांवरून घमेलं उपडं करतात, खडी खाली जाते आणि सिमेंटचं दूध वर राहतं. दीड मीटरपेक्षा उंचावरून माल टाकायचा नाही. प्लेटा अर्ध्या-अर्ध्या उंचीला लावा, नाहीतर बाजूला खिडकी ठेवा. नीडल व्हायब्रेटर (माल हलवून घट्ट बसवणारं यंत्र) पाहिजेच, सळईने कोचून भागत नाही. पाणी एका गोणीला २५ लिटरच्या आसपास, आणि क्रश सँड ओली असेल तर त्याहून कमी. मी बादलीवर रंगाने रेघ मारून ठेवतो.

---

किनारपट्टी

रत्नागिरीकडून एक मुद्दा. हा कोयनाकाठ यांना लागू नाही, पण धागा आमच्याकडचे लोकही वाचतील. खारी हवा असेल तर एम २० च्या काँक्रीटवर थांबू नका, आकडा जितका मोठा तितकं काँक्रीट मजबूत. समुद्राजवळच्या आरसीसीला आयएस ४५६ मध्ये निदान एम ३० आणि ४५ मिमी कव्हर आहे. माझ्या काकांच्या घराचे कॉलम पंधरा वर्षांत उभे चिरले, कारण कव्हर एक इंचही नव्हतं. खाडीची वाळू तर चुकूनही नको.

आणि वर पुढे मजला चढवायचा म्हणून गच्चीवर गज सोडतात ते! दहा वर्षं पावसात गंजून त्यांचे पापुद्रे निघतात. मजला वाढवायचा असेल तर फुटिंग आणि कॉलम आत्ताच तेवढ्या वजनाचे करून घ्या आणि सोडलेल्या गजांवर हलक्या काँक्रीटचा छोटा खुंट ओतून ठेवा. पुढे फोडता येतो.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिनिअरकडे दोन संध्याकाळ बसलो. बाथरूम पुन्हा जुन्या जागी नेली, जिना तीन फूट सरकवला. १४ चे १२ कॉलम झाले, तीन ओळी, प्रत्येकीत चार. दोन खड्डेही घेतले, कडक मुरूम पाच फुटांच्या आत लागला.

मग मी आणि मुलीने मिळून हिशोब केला. ती अकरावीला आहे, तिनेच वहीत मांडला. गजाचं वजन काढायचं सूत्र ओळंबा यांनी व्यनिमध्ये (खाजगी निरोपात) दिलं: मिमीतल्या जाडीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. ८ मिमीला ०.३९५, १२ मिमीला ०.८८९.

फुटिंगपासून वरच्या स्लॅबपर्यंत एक कॉलम साडेसात मीटर. १२ कॉलमचं काँक्रीट ८.१ घनमीटर, म्हणजे तीन ब्रासलाही थोडं कमी (ब्रास म्हणजे १०० घनफूट). १:१.५:३ (सिमेंट, सँड, खडी) च्या मालाला घनमीटरला ८ गोणी धरल्या तर ६५ गोणी सिमेंट, १.२ ब्रास क्रश सँड, २.४ ब्रास खडी. आमच्याकडे सिमेंट ३५० ला गोणी पडतं (सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी २८ चा १८ टक्के झाल्याचा थोडा फायदा), सँड ४५०० ब्रास, खडी ३५००. एकूण साडेछत्तीस हजार.

उभे गज लॅप आणि फुटिंगमधल्या वळणासकट कॉलमला साडेनऊ मीटर धरले, ते ८१० किलो. रिंगा बाहेरची आणि आतली मिळून जोडी ०.७३ किलो, एका कॉलमला ८४ जोड्या, म्हणजे सगळ्या मिळून ७३६ किलो. इथे मुलगी आणि मी दोघेही थांबलो. रिंगा उभ्या गजांच्या जवळपास वजनाच्या निघाल्या! कंत्राटदाराच्या अंदाजात त्या जवळजवळ धरलेल्याच नव्हत्या. ६० रुपये किलोने सगळं स्टील ९३ हजारांच्या आत.

म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे कॉलमचं मटेरियल एक लाख तीस हजार. कंत्राटदाराच्या नऊ बाय नऊचा तसाच हिशोब काढला, तो सत्तावन्न हजार. फरक साधारण त्र्याहत्तर हजार. घराचे चाळीस लाख धरले तर दोन टक्केही नाही.

काळीमाती ताईंसाठी तेही काढलं: आमच्याकडे खोली एक मीटर वाढली असती तर फक्त कॉलमचं मटेरियल साडेसतरा हजारांनी वाढलं असतं, खोदाई वेगळी.

---

ओळंबा

मुलीला शाबासकी द्या. फिटरच्या जास्तीच्या मजुरीचे आणि वाढलेल्या सेंट्रिंगचे पैसे त्याला मिळायला हवेत, ते नाकारू नका. एवढ्या रिंगा बांधायला खरंच वेळ लागतो. वर दोन-तीन टक्के वेस्टेज. पण एक लाख वीस होत नाहीत.

माझा सल्ला, कॉलमचं स्टील फुटाच्या दरातून बाहेर काढा. वजनावर, काट्याच्या पावतीप्रमाणे, तुम्ही स्वतः आणून द्या. मग रिंग कमी बांधण्यात त्याचा काही फायदाच उरत नाही. कागदावर चार ओळी वाढवा: ड्रॉइंगचा नंबर आणि तारीख, स्टीलचा ग्रेड एफई ५००डी, खोली वाढल्यास दर मीटरला किती, आणि प्लेटा लावायच्या आधी इंजिनिअर बघून सही करेल. कॉलमच्या मालाचे तीन क्यूबही (ताकद तपासायचे ठोकळे) भरून घ्या.

---

गृहिणी_सांगली

वाचते आहे सगळं. एक घरातला प्रश्न. ३०० चा कॉलम सहा इंची भिंतीत मावत नाही, खोलीत कोपरा येतो. आमच्याकडे त्यामुळे कपाट बसलं नाही आणि मिस्टर अजून त्यावरून बोलतात. काही उपाय?

---

ओळंबा

ताई, कोपरा कुठे काढायचा हे आपल्या हातात असतं. बाहेरच्या कॉलमचा जादा भाग घराबाहेर काढता येतो, वरून छज्जा घेतला की वाईट दिसत नाही. आतल्याचा जादा भाग वॉर्डरोबच्या किंवा बाथरूमच्या बाजूला वळवायचा. मात्र हे आर्किटेक्ट आणि इंजिनिअर दोघांनी एकत्र बसून ठरवावं लागतं. बहुतेक घरांत ते दोघं एकमेकांना भेटतच नाहीत.

---

कोयनाकाठ

उशिरा लिहितोय, पावसाळ्याआधी खालचा मजला उरकायची घाई होती.

कंत्राटदाराशी वाद न होता ठरलं. वही समोर ठेवली, त्यानेच दोनदा बेरीज तपासली. म्हणाला, "सर, रिंगांचं वजन मी कधी काढलंच नव्हतं." कॉलमचं स्टील मी आणून देतो, त्याला जास्तीच्या मजुरीचे आणि सेंट्रिंगचे मिळून अठरा हजार. वाढलेलं सिमेंट-खडी त्याने फुटाच्या दरातच सोडलं.

काल खालच्या मजल्याचे १२ कॉलम झाले. पहिल्या गाडीतल्या रिंगा ९० च्या हूकच्या निघाल्या, त्या परत पाठवल्या, दोन दिवस गेले. प्लेटा लावायच्या आधी प्रत्येक कॉलमचा तळ मी आणि मुलीने बॅटरी लावून पाहिला, एकात भुसा होता, तो फुंकून काढला. छोटा मिक्सर आणि व्हायब्रेटर दिवसाच्या भाड्याने आणला. बादलीला लाल रेघ मारली. आज सकाळी प्लेटा उघडल्या. कडा अखंड आहेत, फक्त जिन्याजवळच्या कॉलमला रुपयाएवढी दोन भोकं आहेत. इंजिनिअर बघून गेले, वरवरची आहेत म्हणाले. आता गोणपाट गुंडाळलाय आणि आई दिवसातून चार वेळा पाणी मारते आहे.

साईटवरचा दादा, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आहे, पाणी किती दिवस मारायचं?

---

साईटवरचा

दहा दिवस तरी हवेतच, एवढ्या उन्हात चौदा करा. आणि गोणपाट वरून खालपर्यंत सुतळीने आवळून बांधा, वाऱ्याने सुटला की वरचा भाग कोरडा राहतो. बीमलगतचं टोक तेच आहे.